वरच्या कोर्टात सगळे सुटतात का?

भाकऱ्या उरकून, गुरांना वैरण टाकून रेडिओ लावला असाल, तर जरा जवळ सरकून बसा. आजचा विषय बचतीचा नाही, कर्जाचा नाही, पापड-लोणच्याचाही नाही. आज कोर्टाचं बोलायचंय. आम्ही काही वकील नाही. पण कोर्टाच्या एका बातमीवरून आमचा गट मोडायची वेळ आली होती, आणि तो मोडू नये म्हणून आम्हाला हे शिकावं लागलं. जे शिकलो ते तुम्हाला सांगतो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये अश्विनी बिद्रे यांच्या खुनाचा निकाल लागला, तो तुम्हीही ऐकला असेल. कोल्हापूर जिल्ह्यातली ही बाई स्वतः सहायक पोलीस निरीक्षक होती. एप्रिल २०१६ मध्ये ती नाहीशी झाली, आणि नऊ वर्षांनी पनवेलच्या न्यायालयानं वरिष्ठ पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याला जन्मठेप दिली. त्यानंतरच्या आमच्या बैठकीत हप्ते गोळा करता करता हाच विषय निघाला. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “कसली जन्मठेप न् काय! खाली शिक्षा होते, वर जाऊन सुटतात. पोलिसाला कोण आत ठेवतंय?”

आमच्या गटात एका हवालदाराची बायको आहे. ती म्हणाली, “मग काय मावशी, पोलिसाला अपीलच करू द्यायचं नाही का? उद्या माझ्या माणसावर कुणी बालंट घेतलं तर आम्ही कुठं जायचं?”

मावशी पटकन बोलून गेल्या, “तुझ्या माणसाला अपील, आणि माझ्या पोराला पट्टा?”

बैठक तिथंच थांबली. आम्हा सगळ्यांना मावशींच्या पोराचं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी मोटार चोरीच्या संशयावरून त्याला रात्री उचलून नेला होता. आम्ही अकरा जणी ठाण्यात गेलो तर तिथं सांगितलं, असा कुणी आणलाच नाही. सकाळी पोरगं चालत घरी आलं, पण पायात चप्पल जात नव्हती. कागद नाही, नोंद नाही, गुन्हा नाही. कुणी तक्रार केली नाही. सुटलं ना, झालं, असं आम्हीच मावशींना समजावलं होतं. त्याची आता लाज वाटते.

हवालदारीण ताई हप्ता ठेवून उठून गेली. पुढच्या बैठकीला आली नाही. तिच्या पुढच्या बैठकीलाही नाही. हप्ता मात्र पोरीच्या हाती पाठवत होती.

तेव्हा आम्ही तालुक्याच्या विधी सेवा समितीत गेलो. ही समिती तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच असते. तिथल्या एका वकील मॅडमना म्हटलं, आमच्या बैठकीला या आणि एवढंच सांगा, पोलीस अधिकाऱ्याला खुनाची शिक्षा झाली आणि तो वर गेला, तर पुढं काय होतं? आणि हवालदारीण ताईच्या घरी दोघी जणी जाऊन आलो. तिला सांगितलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला वकील बोलावलीय, तूच नसलीस तर कसं? ती आली. मावशींपासून लांब, दाराशी बसली.

वकील मॅडमनी आधी अपील म्हणजे काय ते सांगितलं. आपल्याला ते लगेच कळलं, कारण आपल्याकडंही तशी उतरंड आहे. गटाचा निर्णय पटला नाही तर ग्रामसंघाकडं जायचं, तिथंही नाही पटलं तर प्रभागसंघाकडं. खुनाचा खटला सेशन कोर्टात चालतो. त्याच्या वर उच्च न्यायालय, त्याच्या वर सर्वोच्च न्यायालय. आता ग्रामसंघ आपल्या गटाचा वाद तपासतो तेव्हा आपली बैठक पुन्हा भरवतो का? नाही. आपलं इतिवृत्त मागवतो, हिशेबाची वही मागवतो, सह्या बघतो. अपिलात तसंच असतं. साक्षीदार पुन्हा उभे करत नाहीत. खाली जे बोललं गेलं, लिहिलं गेलं, जप्त झालं, ते सगळं दप्तर वर जातं, आणि न्यायाधीश ते पानन् पान वाचतात. फारच गरज वाटली तरच नवा पुरावा घेतात. म्हणून खाली जे कागदावर आलं नाही, ते वर जाऊन सापडत नाही. मॅडम हे बोलल्या तेव्हा मावशींनी मान खाली घातली.

मग त्यांनी मुंबईची एक खरी केस सांगितली. लखनभैया प्रकरण म्हणतात तिला. ती आम्ही जरा सविस्तर सांगतो, कारण अपिलात जेवढं म्हणून होऊ शकतं तेवढं सगळं त्या एकाच केसमध्ये झालंय.

११ नोव्हेंबर २००६. रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला आणि त्याच्या मित्राला नवी मुंबईत वाशीहून उचललं. त्याच संध्याकाळी वर्सोव्यात नाना-नानी पार्कजवळ लखनभैया पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. पोलीस म्हणाले चकमक झाली. म्हणजे एन्काउंटर. त्या काळात मुंबईत असे एन्काउंटर करणाऱ्या अधिकाऱ्यांचे फोटो पेपरात हिरोसारखे छापून यायचे. आपणही ते वाचून बरं झालं म्हणायचो, खोटं कशाला बोलायचं?

पण लखनभैयाचा भाऊ वकील होता. भावाला उचलल्याचं कळताच, मेल्याची बातमी येण्याआधीच, घरच्यांनी मोठ्या अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले. आमच्या माणसाला पोलिसांनी नेलंय, त्याच्या जिवाला धोका आहे. तारेवर वेळ पडते. जो माणूस पोलिसांच्या ताब्यात असल्याची तार आधीच निघालीय, तो संध्याकाळी वर्सोव्यात पोलिसांवर हल्ला करायला कसा आला? पुढच्या सगळ्या खटल्याला त्या कागदांचा आधार झाला. ज्या जुलै २०१३ मध्ये या खटल्याचा पहिला निकाल लागला, त्याच महिन्यात आपल्या देशातली तारसेवा कायमची बंद झाली. आता तार नाही. मग काय करायचं, ते शेवटी सांगतो.

इथं आमच्यातली एक जण म्हणाली, “पण मॅडम, तो गुंडच होता ना?” होता. त्याच्यावर गुन्हे होते, छोटा राजनच्या टोळीतला होता असं पोलीस सांगायचे. मॅडम म्हणाल्या, असेना. गुंड असेल तर कोर्टात उभा करा, शिक्षा कोर्ट देईल. ठाण्यातच शिक्षा द्यायची ठरली, तर कोण गुंड आणि कोण मावशींचं पोर हे कोण ठरवणार? त्यावर कुणी बोललं नाही.

भाऊ उच्च न्यायालयात गेला. उच्च न्यायालयानं २००८ मध्ये दंडाधिकाऱ्यांची चौकशी लावली. ही चकमक नाही, ताब्यातल्या माणसाला मारलंय, असा अहवाल त्यांनी दिला. मग २००९ मध्ये न्यायालयाच्याच आदेशानं विशेष तपास पथक नेमलं गेलं. त्याचे प्रमुखही पोलीस अधिकारीच होते, ही गोष्ट आमच्या हवालदारीण ताईनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. पोलिसांचा तपास पोलिसांनीच केला, आणि नीट केला.

लखनभैयाबरोबर ज्या मित्राला उचललं होतं, तो सगळ्यात मोठा साक्षीदार. मार्च २०११ मध्ये, कोर्टात साक्ष द्यायला अगदी थोडे दिवस उरले असताना तो नाहीसा झाला. पुढं मनोरकडं त्याचं प्रेत सापडलं. हे सांगताना मॅडमचा आवाज बदलला होता. कोर्टात साक्ष द्यायला उभं राहणं किती अवघड असतं ते आपल्याला माहीत आहे. साधी बांधाची भांडणं असली तरी साक्षीदार फितूर होतात. इथं तर साक्ष द्यायच्या आधी माणूसच गेला. उच्च न्यायालयानंसुद्धा नंतर निकालात याबद्दल खेद लिहिला, की एवढी वर्षं उलटली तरी त्या खुनाचा छडा लागलेला नाही.

तरी जुलै २०१३ मध्ये सेशन कोर्टाचा निकाल लागला. २१ जणांना दोषी धरून जन्मठेप. त्यातले १३ पोलीस, बाकीचे बाहेरचे लोक. मात्र ज्यांचं नाव सगळ्यात मोठं होतं, ते प्रदीप शर्मा निर्दोष सुटले.

आता इथून अपिलं सुरू झाली. दोषी ठरलेले उच्च न्यायालयात गेले, आम्हाला सोडा म्हणून. आणि दुसऱ्या बाजूनं सरकार आणि लखनभैयाचा भाऊ हेही उच्च न्यायालयात गेले, सुटलेल्याला शिक्षा द्या म्हणून. हे आम्हाला अजिबात माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं, अपील फक्त आरोपी करतो. ३१ डिसेंबर २००९ पासून कायद्यात बदल झालाय. ज्याच्यावर अन्याय झाला तो, किंवा तो मेला असेल तर त्याचा वारस, स्वतः अपील करू शकतो. आरोपी निर्दोष सुटला तर करता येतं, कमी गुन्ह्याखाली दोषी धरला तर करता येतं, भरपाई कमी दिली तरी करता येतं. फक्त शिक्षा वाढवून द्या एवढ्यासाठी करता येत नाही, ते सरकारनं करायचं असतं. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण हा हक्क तसाच राहिला.

अपील ऐकायला किती वर्षं लागली म्हणता? निकाल २०१३ चा, आणि उच्च न्यायालयाचा निकाल आला १९ मार्च २०२४ ला. जवळजवळ अकरा वर्षं. एखादीचं पोर पहिलीतून बारावीला जातं तेवढा काळ. तेवढ्यात दोषींपैकी दोघं मरण पावले. अपील करणारा मेला तर त्याचं अपील संपतं. पण घरच्यांना वाटलं, आमच्या माणसाचं नाव साफ व्हायला हवं, तर ३० दिवसांत अर्ज करून ते अपील पुढं चालवता येतं.

आणि मधल्या काळात आणखी एक झालं. २०१५ मध्ये राज्य सरकारनं दोषी पोलिसांपैकी ११ जणांची शिक्षा काही काळासाठी थांबवली. भाऊ त्याही विरुद्ध कोर्टात गेला, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं सरकारचा तो निर्णय रद्द केला. किती वेळा कोर्टाची पायरी चढला असेल तो माणूस! तो वकील होता म्हणून जमलं, हे मॅडमनीही कबूल केलं. शेतमजुराचा भाऊ असता तर पहिल्या पायरीवरच बसला असता.

उच्च न्यायालयात हे अपील दोन बायकांनी ऐकलं, न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती गौरी गोडसे. हे ऐकून आमच्यातल्या दोघी-तिघींनी टाळ्याच वाजवल्या. निकाल ८६७ पानांचा. आमच्या गटाच्या सगळ्या वर्षांच्या वह्या एकावर एक ठेवल्या तरी तेवढी पानं भरणार नाहीत.

त्या निकालात काय झालं ते नीट ऐका, कारण मावशी आणि हवालदारीण ताई दोघींच्याही प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. १२ पोलीस आणि एक बाहेरचा माणूस, अशा १३ जणांची जन्मठेप कायम राहिली. म्हणजे वर गेले की सुटतातच, हे काही खरं नाही. पण सहा जण सुटले. हे सहाही जण पोलीस नव्हते. त्यांच्याविरुद्धचा पुरावा पुरेसा नाही, असं न्यायालय म्हणालं. आणि प्रदीप शर्मा, जे खाली सुटले होते, त्यांची सुटका चुकीची होती, त्यांच्याविरुद्धच्या पुराव्याकडं खालच्या कोर्टानं दुर्लक्ष केलं, असं म्हणून त्यांना जन्मठेप दिली. शरण यायला तीन आठवडे दिले.

ते सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथं आधी शरण जायला स्थगिती मिळाली, मग जामीन मिळाला. हे ऐकल्याबरोबर मावशी उसळल्या, “बघा! शेवटी बाहेरच ना?”

मॅडम म्हणाल्या, मावशी, जामीन म्हणजे सुटका नव्हे. खाली ज्याला सोडलंय आणि वरच्या कोर्टानं एकदम जन्मठेप दिलीय, त्याचं म्हणणं आणखी एका कोर्टानं ऐकायला हवं की नको? म्हणून अशा माणसाला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्कच असतो. बाकीच्यांना, ज्यांची शिक्षा दोन्ही कोर्टांत कायम झाली, त्यांना हक्क नाही, आधी परवानगी मागावी लागते. आणि अपील चालू असताना जन्मठेपेच्या कैद्याला जामीन द्यायचा तर आधी सरकारी वकिलाचं म्हणणं लेखी मांडायची संधी द्यावी लागते.

मावशी म्हणाल्या, “हे सगळं बरोबर असंल. पण पैसेवाल्यालाच जमतं.”

यावर वाद झाला, आणि तो अजून मिटलेला नाही. खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्या जणी मावशींच्या बाजूच्या आहेत. मोठा वकील लावणाऱ्याची तारीख लवकर लागते की नाही, यावर मॅडमही नुसत्या हसल्या. पण हवालदारीण ताई दाराशी बसून बोलली, “ते सहा जण अकरा वर्षं खुनी म्हणून जगले असतील. त्यांच्या बायका पाण्याला गेल्यावर लोक काय बोलले असतील? अपील नसतं तर ते मरेपर्यंत खुनीच राहिले असते.” मावशी काही बोलल्या नाहीत, पण ताटातला चहाचा कप उचलून तिच्याकडं सरकवला.

आता कामाचं. कुणाच्या घरातल्या माणसाला सेशन कोर्टानं शिक्षा दिली, तर निकालाची नक्कल त्याला फुकट मिळते, ती लगेच मागा. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे. दिवस निकालाच्या तारखेपासून मोजायचे, पण नक्कल मिळायला जो वेळ जातो तो सोडून देतात. उशीर झाला तर कारण सांगून माफी मागता येते, पण त्यावर विसंबू नका. तुरुंगातल्या माणसाला तुरुंगातूनही अपील पाठवता येतं. तुरुंगातल्या माणसाला आणि कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवेचा वकील फुकट मिळतो. कुणी दोन हजार मागितले तर तो विधी सेवेचा नियम नव्हे. देशभर चालणारा त्यांचा फोन नंबर १५१००.

आणि कुणाला उचललं तर? पोलिसांनी अटक केली की नातेवाइकाला कळवायलाच लागतं आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढं उभं करायलाच लागतं. ठाण्यात आणलाच नाही म्हणाले, तर तिथूनच ११२ ला फोन करा. जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना ईमेल करा. पोस्ट उघडं असेल तर स्पीड पोस्ट करा आणि पावती जपा. माणूस कधी नेला, कुणी पाहिलं, गाडीचा नंबर काय, हे लिहून वेळ टाका. त्या भावाच्या तारेनं जे काम केलं, ते या पावतीनं करायचं. सुटून आला तर आधी सरकारी दवाखान्यात नेऊन तपासून घ्या. आम्ही तेव्हा हळद लावून गप्प बसलो होतो. दुखऱ्या पायावर हळद बरी, पण हळदीला तारीख नसते.

मावशींनी मग विचारलं, “आता काही करता येईल का?” मानवी हक्क आयोगाकडं जायचं तर घटनेपासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. मावशींनी बोटांवर महिने मोजले. निघून गेलं होतं ते वर्ष. त्यांच्याजवळ पोराच्या पायांचा एक फोटो आहे, जुन्या मोबाईलमध्ये, त्याची काच फुटलीय. मॅडम म्हणाल्या, तो मोबाईल टाकू नका, दुरुस्त करायलाही देऊ नका, मला दाखवा. बाकीचे रस्ते बघते.

बैठक उठता उठता हवालदारीण ताई बोलली. प्रत्येक ठाण्यात स्टेशन डायरी असते. कोण आलं, कोण गेलं, गाडी किती वाजता कुठं निघाली, सगळं त्यात वेळेनिशी असतं. त्या रात्री तुमचं पोर त्यात नसेल, पण गाडी असेल. माहिती अधिकारात त्या रात्रीची नोंद मागू. आम्ही म्हटलं, अगं, तुझ्या घरात याचं काय होईल? ती म्हणाली, “माझ्या माणसाला मी विचारून आले नाही आणि विचारणारही नाही. तो त्या ठाण्यात नाही, बदली झालीय. आणि असता तरी लिहिलं असतं.” तिचं अक्षर आमच्यात सगळ्यात चांगलं आहे. अर्ज तिनं लिहिला, सही मावशींनी केली. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं, आज एकोणीस झालेत. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. ते मावशींनी गटाचे पैसे न घेता, कमरेच्या पिशवीतून काढून दिले.